दिवाळीच्या भेटीसाठी घरचं सिरप: प्रमाण, आंबटपणा, बाटल्या

वारणाकाठ (सांगली)

सोनपापडीचा डबा या घरातून त्या घरात फिरत राहतो, म्हणून यंदा बरेच जण घरी केलेलं सिरप बाटलीत भरून द्यायचं म्हणतायत. वेलची-केशर, आलं, कोकम, डाळिंब, कॉफी अशी विचारणा इतर धाग्यांवर विखुरलेली आहे, ती इथे एकत्र करू.

एक गोष्ट आधी ठरवून टाका. भेट दिलेली बाटली फ्रीजमध्ये जाईल याची खात्री नसते. ती शोकेसमध्ये बसते आणि तुळशीचं लग्न झाल्यावर कधीतरी उघडली जाते. त्यामुळे बंद बाटली बाहेर टिकेल असंच सिरप करायचं. ते टिकतं दोन गोष्टींवर, साखर किती आणि आंबटपणा किती. वास आणि रंग त्यानंतर.

वाटीने मोजू नका. एक वाटी साखरेचं वजन दाण्यावर आणि वाटी ठोकली की नाही यावर बदलतं. काटा घ्या, पाणीसुद्धा ग्रॅममध्येच मोजा.

साखर-पाणी समान वजनाने घेतलं तर सिरप ५० ब्रिक्सचं होतं, म्हणजे १०० ग्रॅम सिरपमध्ये ५० ग्रॅम साखर. हे फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे ठीक राहतं, बाहेर फसफसतं. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी घेतलं की ६६.७ ब्रिक्स. हे टिकतं, पण २० अंशांना पाण्यात साखर साधारण एवढीच विरघळलेली राहू शकते. दिवाळीनंतरच्या गार रात्री पारा त्याच्या बराच खाली येतो आणि बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. म्हणून आपलं लक्ष्य ६५ ते ६६.

कृती: रिकामं स्टीलचं पातेलं काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. १ किलो साखर, ५७० ग्रॅम पाणी, ३ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूफूल. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, मग ढवळणं बंद. उकळी आली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा. झाकणावरची वाफ पातेल्याच्या कडांना चिकटलेले दाणे धुऊन खाली आणते. हे दाणे राहिले तर तेच पुढे बाटलीत बीज होतात. मग झाकण काढून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा आणि पातेलं पुन्हा काट्यावर ठेवा. आतल्या सिरपचं वजन १५३० ग्रॅम भरलं की झालं. जास्त असेल तर आणखी आटवा, कमी असेल तर उकळतं पाणी घालून १५३० वर आणा. थर्मामीटर नको, तारेची परीक्षा तर मुळीच नको. एकतारी पाक यापेक्षा पुढे गेलेला असतो.

लिंबूफूल दोन कामं करतं. आंबटपणामुळे बऱ्याच जंतूंची वाढ अडते, आणि आंबट पाकात उकळताना साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये फुटतो. या मिश्र साखरेत दाणा सहज धरत नाही.

एवढ्यात सुमारे ११६० मिली सिरप होतं. २०० मिलीच्या पाच बाटल्या भरून चवीपुरतं उरतं.

यवतेश्वर (सातारा)

प्रमाण बरोबर. थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी पुरवणी: परदेशी पुस्तकांतले आकडे समुद्रसपाटीचे असतात. सातारा सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. वर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे पाक १०४ अंशांपर्यंत नेलात तर तो कितीतरी जास्त आटलेला असेल. आधी त्याच थर्मामीटरने नुसतं पाणी उकळून आकडा बघा, त्यात ४ अंश मिळवा. ६५-६६ ब्रिक्सचा पाक साधारण तिथेच उकळतो. थर्मामीटर एखाद्या अंशाने चुकीचा असला तरी या पद्धतीत ती चूक कटते.

तासगावकर_बाग

आमच्या भागात द्राक्षाची गोडी बघायचा रिफ्रॅक्टोमीटर बऱ्याच घरी असतो. तो ० ते ३२ चा. त्यावर सिरपचा थेंब टाकला तर रेषा दिसतच नाही आणि लोक म्हणतात मशीन बिघडलं. १० ग्रॅम सिरपमध्ये २० ग्रॅम पाणी काट्यावर मोजून मिसळा, गार होऊ द्या, थेंब टाका, आलेल्या आकड्याला ३ ने गुणा. २२ आलं की ६६. मोजणी वजनानेच करायची, मिलीने केली तर हिशोब चुकतो.

सुगरण_कराड

वारणाकाठदादा, हे नुसत्या साखरेचं झालं. डाळिंबाचा रस घेतला तर पाण्याऐवजी रस आणि साखर तेवढीच का?

वारणाकाठ (सांगली)

नाही ताई, तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. रसात स्वतःची साखर असते. डाळिंबाचा रस १५ ब्रिक्सच्या आसपास धरा. ५०० ग्रॅम रसात ७५ ग्रॅम साखर आधीच आहे. त्यात १ किलो साखर घातली तर सिरप ७१ च्या वर जातं आणि हमखास दाणे धरतं. ५०० ग्रॅम डाळिंबाच्या रसाला ७५० ग्रॅम साखर पुरे. द्राक्षाचा रस २० ब्रिक्सचा असेल तर ६७५ ग्रॅम. स्ट्रॉबेरीचा ८ च्या आसपास, त्याला ८५० ग्रॅम. हे आकडे ६६ धरून काढलेत. तासगावकरांचा रिफ्रॅक्टोमीटर रसाला सरळ चालतो, तेव्हा रस मोजून घ्या.

रसाचं सिरप आटवायचंही नाही. झाकण ठेवून साखर विरघळवा, ८५ अंशांपर्यंत तापवा, गाळून लगेच भरा. जास्त उकळलं की डाळिंबाचा लाल रंग विटकरी होतो आणि चव शिजक्या फळाची लागते.

माणदेशी

आटपाडीच्या डाळिंबाबद्दल बोलताय तर हेही लिहितो. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका. बी फुटलं की रस तुरट होतो. मलमलच्या फडक्यात दाणे घेऊन पिळा किंवा पुरणयंत्रावर हलक्या हाताने दाबा. दाण्यांमधला पिवळा पडदा एक जरी राहिला तरी कडवटपणा उतरतो. रस तासभर फ्रीजमध्ये ठेवला की तळाशी गाळ बसतो, वरचा नितळ रस घ्यायचा. फळ गोड आणि आंबटपणा कमी असेल तर ५०० ग्रॅम रसाला २ ग्रॅम लिंबूफूल घाला. भेटीला चकचकीत मोठं फळ लागत नाही, बाजारात डागाळलेलं स्वस्त मिळतं त्याचा रस तोच. सडकं नको, एवढं बघा.

गणपती_पेठ

टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट किंवा केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालायचं की नाही? दुकानदार म्हणतो "अर्धा चमचा टाका, वर्षभर बघायला नको".

यवतेश्वर (सातारा)

अर्धा चमचा म्हणजे अडीच-तीन ग्रॅम होतं, आणि ते दीड किलो सिरपला फार जास्त आहे. सिरप-स्क्वॅशसाठी आपल्याकडची नेहमीची कमाल मर्यादा किलोला ६०० मिलिग्रॅम बेंझोइक ॲसिड किंवा ३५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड अशी आहे. पुडीच्या हिशोबात किलोमागे सोडियम बेंझोएट ०.७ ग्रॅम किंवा केएमएस ०.६ ग्रॅम, दोन्हीपैकी एकच. ही मर्यादा आहे, घालायचंच असा नियम नाही. मोजायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो.

केएमएस लाल रंग उडवतं, म्हणून डाळिंब, कोकम, स्ट्रॉबेरीत ते घालत नाहीत. शिवाय सल्फाइटने काही दमेकऱ्यांना त्रास होतो. बेंझोएट फक्त आंबट पदार्थात काम करतं, पीएच ४ च्या खाली हवा. नुसत्या वेलचीच्या गोड पाकात ते टाकून उपयोग नाही.

माझं मत: ६५ ब्रिक्स, लिंबूफूल, गरम भरणं आणि काचेची बाटली एवढं असेल तर घरच्या भेटीला दोन्हींची गरज नाही. घातलंच तर लेबलवर लिहा.

माणदेशी

छोट्या काट्याची आमच्या विट्याकडं काळजी नाही. सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या घरात मिलिग्रॅमचा काटा आधी आणि स्वयंपाकघराचा नंतर येतो 😄

वेखंड (वाई)

गुळाचं करायचं असेल तर? आरोग्याच्या दृष्टीने लोक गूळच मागतात.

वारणाकाठ (सांगली)

गुळाचं होतं, पण साखरेइतका भरवसा नाही. गुळात स्वतःचं पाणी असतं, ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, क्षार आणि चोथा असतो. प्रत्येक ढेपेचा हिशोब वेगळा, म्हणून वजनाचं सूत्र लागू पडत नाही, रिफ्रॅक्टोमीटरच लागतो. १ किलो गुळाला ४५० ग्रॅम पाणी घेऊन विरघळवा, दोनदा मलमलने गाळा, रात्रभर स्थिर ठेवा, वरचं नितळ ओतून घ्या, मग उकळून ६८ पर्यंत न्या. गुळात मिश्र साखर असल्याने इथे दाणा धरायची भीती कमी. आलं, सुंठ, दालचिनी, बडीशेप याच्याशी जमतं. केशर गुळात घालू नका, रंग आणि वास दोन्ही दबतात. आणि हे सिरप उकळत्या दुधाच्या चहात घातलं तर चहा फाटू शकतो, गुळाच्या चहाचं जे होतं तेच.

आरोग्याचं म्हणाल तर गूळही साखरच आहे. मधुमेह असलेल्या घरी कुठलंही सिरप देऊ नका, भडंगाचा पुडा द्या.

कास_पठार

स्टीव्हिया घालून शुगरफ्री?

यवतेश्वर (सातारा)

टिकवायचं काम साखर करते. ती काढली की उरतं चवीचं पाणी. बाटलीबंद भेट म्हणून देऊ नका.

आलेकरी (कोरेगाव)

आल्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सातारी आल्याच्या गावात बसून तयार जिंजर सिरप विकत आणणं बरं नव्हं.

जुनं, रेषेदार आलं घ्या, नवं पाणीदार नको. ३०० ग्रॅम आलं ब्रशने घासून धुवा, साल काढायची गरज नाही, माती मात्र खाचेतली सुद्धा गेली पाहिजे. तुकडे करून ७०० ग्रॅम गार पाण्यात मिक्सरवर वाटा. फडक्यातून पिळून काढा आणि ते पाणी तासभर स्थिर ठेवा. तळाशी पांढरा थर बसेल, तो आल्याचा स्टार्च. वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, पांढरं येऊ लागलं की थांबा. हा थर सिरपमध्ये गेला तर तापवल्यावर खळीसारखा फुगतो. सिरप गढूळ आणि बुळबुळीत होतं, मग कितीही गाळा.

नितळ पाणी ५७० ग्रॅम घ्या. कमी भरलं तर साधं पाणी घालून पुरं करा. त्यात १ किलो साखर, ३ ग्रॅम लिंबूफूल, पुढे वारणाकाठ यांच्या कृतीने १५३० ग्रॅमपर्यंत. आल्यातही थोडे विरघळलेले घटक असतात, पण या हिशोबाला तेवढा फरक चालतो. तिखटपणा हवा तर शेवटच्या पाच मिनिटांत दहा-बारा काळे मिरे ठेचून पुरचुंडीत घाला.

लिंबाचा रस घालू नका असं मी म्हणेन. ताजा रस उकळला की वास जातो आणि काही दिवसांत जुन्या लिंबासारखी चव येते. लिंबाचा वास हवा तर दोन लिंबांची साल फक्त पिवळ्या भागापुरती किसून, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं ठेवून गाळा. पांढरा भाग आला की कडू.

सुगरण_कराड

हेच चहात चालेल का? सगळे चहासाठीच मागतात.

आलेकरी (कोरेगाव)

लिंबूफुलाचं दुधाच्या चहात चालणार नाही, फाटेल. आल्यात स्वतःचं एक एन्झाइमही असतं, ते कच्चं राहिलं तर दूध नासवतं. उकळलं की ते मरतं, आंबटपणा मात्र राहतोच. चहासाठी लिंबूफूल न घालता वेगळं करा, १०० मिलीच्या छोट्या बाटलीत, वर "फ्रीजमध्ये ठेवा, महिन्यात संपवा" असं ठळक लिहून. चहा गॅसवरून उतरवल्यावर कपाला दोन चमचे. कोऱ्या चहाला, सोड्याला, गरम पाण्याला मात्र पहिलंच उत्तम. २०० मिलीच्या ग्लासला २५ ते ३० मिली.

पाटणची_पायवाट

कोकम: चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला येतं ते आमसूल बहुतेक वेळा मीठ लावलेलं असतं. बिनमिठाचं मागून घ्या, नाहीतर सिरप खारट गोड होतं. १५० ग्रॅम आमसूल एकदाच झटपट धुवा, ७०० ग्रॅम कोमट पाण्यात सहा तास भिजवा, हाताने कुस्करा, गाळा. ५३० ग्रॅम गाळलेल्या पाण्याला ९५० ग्रॅम साखर. लिंबूफूल नको, कोकम स्वतःच भरपूर आंबट. भाजलेलं जिरं ५ ग्रॅम पुरचुंडीत बांधून तापवताना सोडा आणि काढून घ्या. पूड घातली तर ती बाटलीच्या गळ्याशी काळी कड धरते. ८५ अंशांपलीकडे तापवू नका, रंग तपकिरी होतो. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड वर्ज्य. स्टील किंवा इनॅमल.

वेखंड (वाई)

महाबळेश्वर जवळ असून स्ट्रॉबेरीवर कुणीच बोलत नाही!

यवतेश्वर (सातारा)

कारण दिवाळीला ताजी स्ट्रॉबेरी नसते, ती नोव्हेंबरच्या अखेरीपासून धरा. आणि हे सगळ्यात अवघड सिरप आहे. स्ट्रॉबेरीत पेक्टिन आहे, आंबटपणा आहे आणि तुम्ही साखर ६५ वर नेताय. याच तीन गोष्टींचा जॅम होतो. जास्त शिजवलं किंवा गर दाबून काढला तर बाटलीत सिरप थिजतं आणि ओतताना धपकन गोळा पडतो.

नाताळ किंवा संक्रांतीसाठी करणार असाल तर असं करा. १ किलो स्ट्रॉबेरीच्या चकत्या, त्यावर ६०० ग्रॅम साखर, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी सुटलेला रस चाळणीतून आपोआप गळू द्या, दाबायचं नाही. त्या रसात बरीच साखर उतरलेली असेल, म्हणून ब्रिक्स मोजून वरची साखर घाला. ८५ अंश, लगेच भरा. राहिलेल्या चकत्यांचा जॅम करा, तो थिजायलाच हवा. मोजायचं साधन नसेल तर हे सिरप फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणूनच द्या. रंगही उजेडात फिका पडतो, खिडकीत मांडू नका.

गणपती_पेठ

सीताफळ? दिवाळीच्या सुमाराला तेच भरपूर असतं.

माणदेशी

नको. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. न तापवता बाटलीत भरला तर नासतो. सीताफळ चमच्याने खावं. पोळीवर घालायचं सिरप करायची हौस असेल तर तासगावचे बेदाणे वाटून उकळा, ते सोपं.

सुगरण_कराड

वेलची-केशर आणि कॉफीचंही सविस्तर द्या ना कुणीतरी. भेट म्हणून तेच जास्त जातं.

वारणाकाठ (सांगली)

वेलची-केशर: १५ ग्रॅम हिरवी वेलची सालासकट जाडसर ठेचून मूळ कृतीतल्या पाण्यात आधी पाच मिनिटं उकळा, गाळा, पाणी पुन्हा ५७० ग्रॅम करा, मग साखर आणि लिंबूफूल. सालाचा वास चांगला उतरतो, टाकू नका. वेलचीपूड शेवटी घातली तर वास येतो पण काळे कण तरंगतात. केशर अर्धा ग्रॅम, दोन चमचे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, पाक ९० अंशांच्या खाली आल्यावर. चार-पाच काड्या प्रत्येक बाटलीत सोडल्या की दिसायला सुरेख. हे थंड दुधात चालतं, उकळत्या दुधात नको.

कॉफी: १२० ग्रॅम भरड दळलेली शुद्ध फिल्टर कॉफी, चिकोरी नसलेली, ८०० ग्रॅम गार पाण्यात १२ तास भिजवा, आधी फडक्यातून, मग कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळा. घाई करून पिळलंत तर बारीक गाळ उतरतो आणि महिनाभराने बाटलीत चिखल दिसतो. ५७० ग्रॅम अर्क, १ किलो साखर. कॉफीचा आंबटपणा टिकण्याइतका नसतो आणि लिंबूफूल घातलं तर चव बिघडते. म्हणून कॉफीचं सिरप फ्रीजचंच. दाणा धरू नये म्हणून १०० ग्रॅम साखरेऐवजी १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घाला, बेकरीचं सामान मिळतं तिथे असतं.

दालचिनी घालणाऱ्यांनी काडीच घालावी. पूड पाण्यात बुळबुळीत होते. बाजारात जाड सालीची मिळते ती तिखट आणि चिकट, १० ग्रॅम पुरे. पातळ पापुद्र्यांची मिळाली तर १५.

कास_पठार

गुलाबाला रंगासाठी बीट चालेल ना?

पाटणची_पायवाट

रंग टिकत नाही आणि मातीचा वास येतो. बीटचा रंग उष्णतेने आणि उजेडाने उडतो. गुलाबाच्या सिरपला थोडं कोकमाचं पाणी घाला. रंगही येतो, लिंबूफूलही वाचतं. पाकळ्या मात्र फवारणी न केलेल्या गावठी गुलाबाच्याच. हारवाल्याकडचे गुलाब खाण्यासाठी नसतात.

गणपती_पेठ

आता बाटल्यांचं. जुन्या सॉसच्या, औषधाच्या वापरल्या तर?

यवतेश्वर (सातारा)

औषधाच्या अजिबात नको. सॉसची बाटली धुऊन निघते, पण झाकणातल्या रबरी थरात वास मुरलेला असतो. बाटली जुनी चालेल, झाकण नवंच. २०० मिलीच्या काचेच्या, अर्धा फेरा फिरवून बसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाच्या बाटल्या घ्या. ॲल्युमिनियमचं सील तोडून उघडतात तसल्या आणू नका, ते झाकण बसवायला यंत्र लागतं. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली ८५ अंशांच्या सिरपने आकसून वाकडी होते.

बाटल्या साबणाने धुऊन मोठ्या पातेल्यात फडक्यावर आडव्या ठेवा, गार पाणी भरा, मग तापवा आणि १५ मिनिटं उकळा. उकळत्या पाण्यात गार बाटली टाकली तर तडकते. झाकणं फक्त पाच मिनिटं गरम पाण्यात, उकळत ठेवली तर आतला थर सुटतो. बाटल्या निथळून कोरड्या आणि गरम असतानाच भरायच्या. आत राहिलेलं पाणी सिरप पातळ करतं.

सिरप ८५ अंशांवर असताना गळ्यापासून एक सेंटिमीटर जागा सोडून भरा, तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा, झाकण घट्ट करा आणि बाटली तीन मिनिटं उलटी ठेवा. याने झाकण आतून तापतं. कोमट सिरप भरून झाकण लावलं की वाफ झाकणाखाली थेंब धरते, ते थेंब वर पडतात, आणि वरचा पातळ थर ५०-५५ ब्रिक्सचा होतो. बुरशी तिथेच येते. खालचं सिरप नीट असूनही वर पांढरी चकती दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बुरशी आलेली बाटली वरचं काढून वापरायची नाही, टाकायची.

तासगावकर_बाग

बाटल्या गार होताना पंख्याखाली नको आणि ओल्या ओट्यावर नको. लाकडी पाटावर किंवा जाड कापडावर, दोन बाटल्यांत बोटभर अंतर.

सुगरण_कराड

दाणे धरलेच तर सगळं फेकायचं?

वारणाकाठ (सांगली)

फेकायचं कशाला ताई. बाटली उघडी करून कोमट पाण्यात ठेवा, पाणी हळूहळू तापवा, दाणे विरघळतील. मग सगळ्या बाटल्यांतलं पातेल्यात ओतून किलोला २० ग्रॅम पाणी आणि ५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घालून एक उकळी द्या, पुन्हा गरम भरा. नुसतं विरघळवून तसंच ठेवलं तर परत धरतं, कारण प्रमाण बदललेलं नाही.

फसफसलेलं मात्र वाचवू नका. बुडबुडे, फुगलेलं झाकण, आंबूस वास यांपैकी काहीही दिसलं तर चव न घेता मोरीत तोंड दुसरीकडे करून उघडा आणि ओतून द्या. कारण बहुधा साखर कमी पडणं, क्वचित ओली बाटली.

म्हणूनच दिवाळीच्या दोन आठवडे आधी करा. गळती, दाणा, फसफस, जे काही व्हायचं ते बहुतेक आठ-दहा दिवसांत दिसतं. वसुबारसेच्या आदल्या रात्री करून सकाळी वाटलेल्या बाटलीत काय होतं ते पाहुणे बघतात. प्रत्येक घाण्याची एक बाटली स्वतःकडे ठेवा, म्हणजे कुणी फोन केला तर बघायला काहीतरी असतं.

वेखंड (वाई)

लेबलवर काय काय?

गणपती_पेठ

नाव, केल्याची तारीख, घटक, ग्लासला किती मिली, "उघडल्यावर फ्रीजमध्ये, दोन महिन्यांत संपवा". बंद बाटली तीन महिने एवढंच लिहा, जास्त टिकलं तरी. जेल पेनने लिहू नका, घामेजल्या बाटलीवर शाई उतरते. बॉलपेन किंवा मार्कर. विकणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि नियमाचं लेबल लागतं, तो वेगळा धागा काढा.

पाटणची_पायवाट

एसटीच्या पार्सलने पुण्या-मुंबईला पाठवणार असाल तर बाटली पूर्ण गार झाल्यावर एक दिवस आडवी ठेवून बघा. झाकणाशी चिकट लागलं तर ती घरात ठेवा. झाकणावर श्रिंक पट्टी चढवून केस वाळवायच्या ड्रायरने तापवली की घट्ट बसते. प्रत्येक बाटली वेगळी प्लॅस्टिक पिशवीत, मग वर्तमानपत्राच्या चार थरांत, बॉक्समध्ये उभी. कंदी पेढ्यांच्या बॉक्ससोबत पाठवत असाल तर दोन्हींमध्ये जाड पुठ्ठा घाला. बाटली गळली तर पेढ्यांचं काही उरत नाही.

कास_पठार

सायट्रिक ॲसिड तोलायला छोटा काटा नाही. ३ ग्रॅम म्हणजे किती?

आलेकरी (कोरेगाव)

मोजायच्या चमच्यांच्या सेटमधला टी-स्पून असेल तर पाऊण चमचा सपाट. चहाच्या नेहमीच्या चमच्याने नको, प्रत्येक घरचा वेगळा. नाहीतर ३० ग्रॅम लिंबूफूल ३०० ग्रॅम पाण्यात विरघळवून ठेवा आणि मोठ्या काट्यावर त्यातलं ३३ ग्रॅम घ्या, त्यात बरोबर ३ ग्रॅम येतं. तेवढं पाणी मूळ पाण्यातून वजा करा.